एक रेणू, दोन खुणा : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील दर्शक द्रव्यांविषयी

१९४८ साली मिनेसोटा विद्यापीठातले शल्यचिकित्सक जॉर्ज मूर यांनी मेंदूतल्या गाठी शोधण्यासाठी फ्लुओरेसिन हा रंग वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. रंग शिरेतून द्यायचा, कवटी उघडायची, अतिनील दिवा धरायचा आणि जिथे हिरवट-पिवळी चमक दिसेल तिथे गाठ आहे असे धरून चालायचे. या विषयाच्या बहुतेक इतिहासांची सुरुवात या प्रयोगापासून होते. पण त्याच वर्षी मूर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आणखी एक छोटा लेख लिहिला होता आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. त्यात त्यांनी फ्लुओरेसिनच्याच रेणूला किरणोत्सारी आयोडीन जोडले होते. त्यामुळे कवटी उघडण्याआधीच, बाहेरून काउंटर फिरवून, गाठ कोणत्या बाजूला आहे याचा अंदाज घेता येऊ लागला.

पुढच्याच वर्षी बर्ट्रम सेल्वरस्टोन आणि विल्यम स्वीट यांनी बोस्टनमध्ये रुग्णाला किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि शस्त्रक्रिया चालू असताना एक बारीक गायगर काउंटर थेट मेंदूत उतरवला. फॉस्फरस-३२ मधून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम काही मिलिमीटर जातात. काउंटर गाठीला जवळजवळ टेकल्याशिवाय टिकटिकत नसे आणि त्यातच त्याचा उपयोग होता, कारण टिकटिक ऐकू आली की गाठ तिथेच असणार. म्हणजे १९५० उजाडण्यापूर्वीच या क्षेत्राचे सगळे धागे हाती आले होते : गाठ उजळवणारा रंग, गाठीचा ठाव देणारी किरणोत्सारी खूण आणि या दोन्ही खुणा एकाच रेणूवर बसवण्याची कल्पना.

पुढे हे धागे सुटले. किरणोत्सारी द्रव्ये अणुवैद्यक विभागात गेली. तिथे त्यांना उत्तम कॅमेरे मिळाले, पण ऑपरेशन थिएटर दूर राहिले. फ्लुओरेसिन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा रंग १९५९ साली अमेरिकेत मान्यता मिळून यकृताच्या आणि हृदयाच्या तपासणीत वापरला जाऊ लागला आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध यायला कित्येक दशके लागली. दोन्ही खुणा वाहणारे एकच द्रव्य रुग्णाला टोचून त्याच्या आधाराने शस्त्रक्रिया करायची, ही गोष्ट दवाखान्यात खऱ्या अर्थाने रुजली ती २०१० नंतर. मूर यांच्या कल्पनेला साठ वर्षे थांबावे लागले, कारण तिच्या सोबतीला लागणारे रसायनशास्त्र, कॅमेरे आणि गाठीच्या जीवशास्त्राचे ज्ञान तेव्हा नव्हते.

आज या क्षेत्रात येणारा वाचक कोणत्याही दारातून येऊ शकतो. कुणी संश्लेषण करणारा रसायनशास्त्रज्ञ असेल, कुणी अणुवैद्यकाचा पदव्युत्तर विद्यार्थी, कुणी प्रकाशशास्त्रात रमलेला अभियंता, कुणी दिवसाला चार शस्त्रक्रिया करणारा सर्जन. प्रत्येकाला बाकीच्या तिघांची भाषा थोडी अनोळखी वाटणार. त्याने बिचकू नये, म्हणून ही प्रस्तावना. तपशिलात शिरण्यापूर्वी एक भूमिका स्पष्ट मांडतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. दर्शक द्रव्यावरची प्रत्येक खूण शस्त्रक्रियेतल्या एखाद्या नेमक्या प्रश्नासाठी असली पाहिजे. तसा प्रश्न नसेल तर ती खूण काढून टाकावी, मग प्रयोगशाळेत ती कितीही सुंदर दिसो.

हे प्रश्न कोणते, ते पाहू. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे सीटी, एमआरआय, पेट असे स्कॅन होतात आणि त्यांत गाठ दिसते. मग शरीर उघडले जाते आणि तो नकाशा भिंतीवरच्या पडद्यावर राहतो. रुग्णाला कुशीवर वळवले की आतडी सरकतात, फुप्फुसातली हवा काढली की ते आक्रसते, कवटी उघडली की मेंदू थोडा खाली बसतो. सर्जनकडे उरतात डोळे आणि बोटे. कठीण लागणारी जागा, रंग बदललेली जागा, ओढली गेलेली जागा यांवरून तो ठरवतो. अनुभवी हाताची ही जाण फार मोलाची असते, पण दुर्बिणीच्या आणि यंत्रमानवी शस्त्रक्रियेत बोटांचा स्पर्शच काढून घेतला जातो. कापलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी राहिल्या का, याचे पक्के उत्तर पॅथॉलॉजीतून काही दिवसांनी येते. फ्रोझन सेक्शनने, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासून, शस्त्रक्रिया चालू असतानाही काही उत्तर मिळते, पण त्यासाठी कोणता तुकडा पाठवायचा हे आधी ठरवावे लागते. तोंडाच्या कर्करोगात गाठीभोवती निदान पाच मिलिमीटर निरोगी ऊतीची कड मिळावी, असा दंडक आहे. जिभेवर पाच मिलिमीटर म्हणजे बोलणे आणि गिळणे यांचा प्रश्न असतो.

म्हणजे सर्जनचे मुख्य प्रश्न तीन. मी कुठे जाऊ? पोचल्यावर, यातले नेमके काय काढू? काढून झाल्यावर, काही मागे राहिले का? पहिला प्रश्न खोलीचा आहे, दुसरा आणि तिसरा बारकाव्याचा. निसर्गाने या दोन्हींसाठी एकच किरण दिलेला नाही.

दृश्य प्रकाश शरीरात फार आत जात नाही. हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते. अंधारात तळहातामागे टॉर्च धरली तर बोटांमधून फक्त लाल उजेड बाहेर येतो, तो यामुळेच. लालच्या पुढे, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देतात. या अवरक्त प्रकाशात ऊती स्वतःही फारशा चमकत नाहीत, त्यामुळे खुणेची चमक काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. इंडोसायनिन ग्रीन ८०० नॅनोमीटरच्या पुढे चमकतो, म्हणून तो इतका उपयोगी ठरला. तरीही पाच-दहा मिलिमीटर खोलीपलीकडे ही चमक विखरून पुसट होते. वर मांसाचा जाड थर असेल तर खालची गाठ कॅमेऱ्याला दिसत नाही.

गॅमा किरणांचे उलट आहे. टेक्निशियम-९९एम मधून निघणारे १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण साडेचार सेंटिमीटर ऊती ओलांडल्यावरही निम्म्याने शिल्लक असतात. त्यामुळे स्कॅनवर सगळे शरीर पाहता येते, आणि थिएटरमध्ये हातातल्या गॅमा प्रोबने कातडीवरूनच दिशा कळते. मात्र हे किरण भिंगाने एकवटता येत नाहीत आणि सर्व बाजूंनी येतात. पुष्कळ किरणोत्सार असलेल्या जागेशेजारी छोटीशी खूण असेल तर प्रोबला ती वेगळी ओळखता येत नाही. गॅमा खूण मोहल्ला सांगते आणि प्रकाशाची खूण दार दाखवते. पत्ता लागायला दोन्ही हवीत. दोन्ही खुणा एकत्र वाहणाऱ्या जोडद्रव्यामागचा सगळा विचार इतकाच आहे आणि तो भौतिकशास्त्रातून आला आहे. कुणाच्या आवडीनिवडीचा तो भाग नाही.

हा विचार सर्वात स्वच्छ दिसतो तो सेंटिनल नोडच्या कामात, म्हणून तिथे जरा थांबू. गाठीतून निघालेल्या पेशी लसिका वाहिन्यांतून ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतात, ती सेंटिनल नोड. ती काढून तपासली आणि स्वच्छ निघाली, तर पुढच्या ग्रंथी काढण्याची गरज बहुधा पडत नाही. रामोन काबान्यास यांनी १९७७ साली शिश्नाच्या कर्करोगात ही कल्पना मांडली, डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली निळ्या रंगाच्या मदतीने ती मेलानोमात रूढ केली आणि पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी द्रव्य आणि गॅमा प्रोब यांनी ती ग्रंथी शोधून दाखवली. मग सर्जन दोन्ही एकत्र वापरू लागले : आदल्या दिवशी किंवा सकाळी टेक्निशियमचा कोलॉइड, आणि भूल दिल्यावर निळा रंग.

दोन वेगळी द्रव्ये दोन वेगळ्या गतीने चालतात, हा यातला अडचणीचा भाग. कोलॉइडचे कण ग्रंथीत अडकून राहतात. निळा रंग मात्र थांबत नाही. तो पहिल्या ग्रंथीतून दुसऱ्या-तिसऱ्या ग्रंथीत वाहून जातो आणि आसपासच्या ऊतींत पसरतो. स्कॅनवर दिसलेली ग्रंथी आणि थिएटरमध्ये निळी दिसणारी ग्रंथी एकच असेल याची खात्री उरत नाही. नेदरलँड्समध्ये फेइस फान लेव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय अगदी साधा होता. टेक्निशियमने खूण केलेल्या अल्ब्युमिनच्या नॅनोकोलॉइडमध्ये त्यांनी इंडोसायनिन ग्रीन मिसळला. हा रंग अल्ब्युमिनला आपणहून चिकटतो, त्यासाठी कोणताही रासायनिक बंध घडवावा लागत नाही. आता एकच कण दोन्ही खुणा घेऊन ग्रंथीत अडकतो. सकाळी टोचलेल्या द्रव्याचा स्पेक्ट-सीटी स्कॅन दुपारी पाहायचा, ग्रंथी कुठे आहेत ते ठरवायचे आणि नंतर थिएटरमध्ये त्याच ग्रंथी अवरक्त कॅमेऱ्यात चमकताना पाहून काढायच्या. प्रोस्टेटच्या कर्करोगात २०११ च्या सुमारास हे यशस्वीपणे करून दाखवले गेले. पाहिलेली ग्रंथी आणि काढलेली ग्रंथी एकच, हे रेणूनेच ठरवून दिले.

याच ठिकाणी हा विषय आपल्या फार जवळ येतो. भारतात, आणि महाराष्ट्रात तर विशेषच, तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग हा शल्यविभागांवरचा मोठा भार आहे. मानेत गाठ हाताला लागत नसेल तरी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढाव्यात की पुढे गाठ आली तर काढाव्यात, हा दीर्घकाळचा वाद मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या चाचणीने निकालात काढला. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या त्या चाचणीत ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, वाट पाहणाऱ्या गटात ६७.५ टक्के. जगभरच्या उपचारपद्धतीवर परिणाम करणारे हे काम आहे. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथींत कर्करोग निघत नाही. या लोकांना खांद्याचे दुखणे आणि मानेवरचा लांब व्रण टाळता येईल का? फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी सांगितले की सेंटिनल नोडच्या मार्गाने गेले तर जगण्यात तोटा होत नाही. मात्र जिभेखालच्या गाठीची सेंटिनल नोड अनेकदा टोचलेल्या जागेला इतकी लागून असते की तिथल्या झगमगाटात गॅमा प्रोब हरवतो. प्रकाशाची खूण नेमकी इथे कामाला येते. मुंबईत, नागपुरात किंवा बार्शीत बसून या क्षेत्राकडे पाहणाऱ्याने जोडद्रव्याचा विचार करायला सुरुवात करावी ती इथून, असे मला वाटते.

सेंटिनल नोडचे द्रव्य गाठ ओळखत नाही, फक्त तिची सांडपाण्याची वाट चालते. गाठ ओळखणारे द्रव्य घडवणे जास्त कठीण आहे आणि रसायनशास्त्रज्ञाचे खरे कौशल्य तिथे लागते. अशा द्रव्याला तीन भाग असतात : गाठीच्या पेशींवरच्या एखाद्या रिसेप्टरला, म्हणजे ग्राही प्रथिनाला, धरणारा भाग, खुणा वाहणारा भाग आणि दोघांना बांधणारा दुवा. सगळा गुंता या तिघांच्या आकारमानात आहे. इंडोसायनिन ग्रीनचा रेणुभार सुमारे ७७५ आहे आणि त्याच्या घराण्यातले बाकीचे रंगही साधारण याच वजनाचे, काही याहून जड. प्रतिपिंडाचे वजन दीड लाखाच्या घरात असते, त्याला एक-दोन रंग चिकटवले तरी फारसे जाणवत नाही. पण प्रोस्टेटच्या पीएसएमए या प्रथिनाला धरणारे लहान रेणू स्वतःच हजाराच्या आसपास असतात. त्यांना तितक्याच वजनाचा तेलकट रंग लावला की रेणू वेगळाच होतो. मूत्रपिंडातून बाहेर पडणारे द्रव्य यकृताकडे वळते, आतड्यांत चमक दिसू लागते आणि रिसेप्टरवरची पकड सैल होते. इथे ‘खूण लावली’ म्हणणे पुरेसे नाही. नवा रेणू घडला असे समजून त्याची सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

दुसरे गणित वेळेचे. प्रतिपिंड रक्तात दिवसेंदिवस फिरतो, पार्श्वभूमी स्वच्छ व्हायला वेळ लागतो. त्याला ६८ मिनिटांचे अर्धायुष्य असलेले गॅलियम-६८ लावून काही उपयोग नाही. त्याला सुमारे २.८ दिवस अर्धायुष्याचे इंडियम-१११ किंवा ७८ तासांचे झिर्कोनियम-८९ हवे. लहान पेप्टाइड तासाभरात गाठीत पोचते आणि बाकीचे धुऊन जाते, त्याला गॅलियम किंवा ११० मिनिटांचे फ्लोरिन-१८ शोभते, किंवा सहा तासांचे टेक्निशियम. पण थिएटरची यादी उशिरा सुरू झाली तर किरणोत्सारी खूण विझत जाते आणि रंगाची चमक मात्र कायम राहते. आधीचा स्कॅन आणि नंतरची शस्त्रक्रिया यांच्यातले अंतर आधी ठरवावे, समस्थानिक मग निवडावा. नेदरलँड्समध्येच, नाइमेखन येथे, मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी गिरेन्टुक्सिमॅब या प्रतिपिंडाला इंडियम-१११ आणि एक अवरक्त रंग असे दोन्ही लावून रुग्णांत वापरले गेले. काही दिवस आधी टोचणे, मग स्कॅन, मग शस्त्रक्रिया असा तो क्रम होता. प्रतिपिंडाचा वेग, समस्थानिकाचे अर्धायुष्य आणि थिएटरचे वेळापत्रक यांचा मेळ कसा घालावा, याचा तो चांगला धडा आहे.

तिसरे गणित मात्रेचे. नवख्याची सर्वात जास्त फसगत इथेच होते. पेट स्कॅनला काही नॅनोमोल द्रव्य पुरते. चमकणारे द्रव्य साधारण मायक्रोमोलच्या पातळीवर द्यावे लागते. एमआरआयसाठी गॅडोलिनियम द्यायचे तर साठ किलोच्या माणसाला सुमारे सहा मिलिमोल, म्हणजे चमकणाऱ्या द्रव्याच्या हजारो पट. एका रेणूवर एक गॅडोलिनियम आणि एक रंग बसवला तर कुणाची तरी उपासमार किंवा कुणाला तरी अजीर्ण हे ठरलेले. म्हणून एमआरआयची खूण हवी असेल तर एका कणावर हजारोंनी गॅडोलिनियम लादणारे नॅनोकण हवेत, किंवा लोहाच्या ऑक्साइडचे कण. २००३ साली मोरिट्झ किर्शर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत असा लोहकण आणि रंग यांची जोडी वापरून आधी एमआरआय आणि नंतर प्रकाश अशी साखळी दाखवली. २०१२ मध्ये तेच किर्शर आणि अंबाल्यात जन्मलेले, स्टॅनफर्डमध्ये काम करणारे संजीव गंभीर यांच्या गटाने सोन्याच्या गाभ्याचा एक कण तयार केला, जो एमआरआय, फोटोअकौस्टिक (प्रकाशाने उठणारा ध्वनी टिपणारी) आणि रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून ओळखणारी) या तीनही पद्धतींत दिसतो. उंदरांत त्याने मेंदूच्या गाठीच्या कडा फार सुरेख दाखवल्या. हे दोघेही २०२० साली गेले. क्षेत्राची हानी अजून भरून आलेली नाही.

नॅनोकणांच्या मार्गात एक जुनी अडचण आहे. ते शरीरात राहतात कुठे? यकृत आणि प्लीहा त्यांना गिळतात. जॉन फ्रँजिओनी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून झपाट्याने निघून जातात. २०१६ साली टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक अवघा ०.७ टक्के निघाला. म्हणून मला कॉर्नेलचे उलरिच वीसनर आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या मिशेल ब्रॅडबरी यांचे काम विशेष आवडते. त्यांनी सिलिकाचे इतके बारीक कण केले की ते लघवीतून बाहेर पडतात. त्यांवर आयोडीन-१२४ आणि रंग दोन्ही बसवले आणि २०१४ साली मेलानोमाच्या पाच रुग्णांतले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार-पाच पद्धतींत दिसणाऱ्या भपकेबाज कणांपेक्षा, शरीरात येऊन काम करून निघून जाणारा दोन खुणांचा कण मला श्रेष्ठ वाटतो.

एका वेगळ्या वाटेचाही उल्लेख इथेच करायला हवा. काही द्रव्ये गाठीत पोचेपर्यंत विझलेली असतात आणि तिथल्या एन्झाइममुळे पेटतात. रॉजर त्सिएन यांना हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या कामासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते कान-नाक-घशाच्या सर्जन क्वेन न्युएन यांच्यासोबत अशा पेप्टाइडवर काम करत होते, ज्याला गाठीतले एन्झाइम कापतात आणि मग ते पेशींना चिकटते. त्याच पेप्टाइडवर रंग आणि गॅडोलिनियम दोन्ही बसवून त्यांनी उंदरांत २०१० साली आधी एमआरआय, मग शस्त्रक्रिया असे करून दाखवले. याच तत्त्वावर चालणारे, पण फक्त चमकणारे एक द्रव्य, पेगुलिसियानिन, अमेरिकेत २०२४ साली स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाले. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत काही राहिले का, या तिसऱ्या प्रश्नासाठी ते आहे.

चमकते तेवढे सगळे कर्करोग नसते आणि न चमकणारी जागा निरोगी असते असेही नाही. मूर यांचे फ्लुओरेसिन मेंदूत जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत गळकी झाली तिथे जमत असे, गाठीची पेशी त्याला ओळखता येत नव्हती. पॅफोलासियानिन हे फोलेट रिसेप्टरला धरणारे द्रव्य परड्यू विद्यापीठातल्या फिलिप लो यांच्या संशोधनातून आले आणि २०२१ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. चाचणीत सुमारे २७ टक्के स्त्रियांमध्ये त्याने डोळ्यांना आणि हाताला न कळलेली निदान एक तरी कर्करोगाची जागा दाखवली. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच चाचणीत सुमारे पाचातल्या एका रुग्णात चमकलेली जागा कर्करोगाची निघाली नाही. निरोगी लसिका ग्रंथींतल्या पेशीही फोलेट धरतात. दोन खुणा असलेल्या द्रव्यातसुद्धा ही चूक दोन्हीकडे सारखीच उमटते, कारण धरणारा भाग एकच आहे. दोन कॅमेऱ्यांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून ती दुप्पट खरी ठरत नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावे.

आणि फायदा मोजायचा कशाने? जर्मनीतल्या वॉल्टर श्टुमर यांची २००६ सालची चाचणी आजही या क्षेत्राचा मानदंड आहे. रुग्णाला तोंडाने ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल द्यायचे, त्यातून गाठीच्या पेशीत पोर्फिरिन तयार होते आणि निळ्या प्रकाशात ते लाल चमकते. मेंदूच्या घातक गाठीत, स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण त्यामुळे ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले आणि सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेल्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही. दोन्ही आकडे एकत्रच सांगितले पाहिजेत. जास्त गाठ निघणे, पुन्हा शस्त्रक्रिया न लागणे, जास्त जगणे आणि चांगले जगणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नव्या द्रव्याचा प्रबंध लिहिणाऱ्याने आपण यांतले काय दाखवले हे पहिल्याच पानावर सांगावे.

आपल्याकडे या कामाला लागणारे बरेच काही आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिएशन मेडिसिन सेंटर हा विभाग १९६३ पासून परळमध्ये टाटा मेमोरियलच्या शेजारी काम करतो आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट स्कॅनर २००२ साली तिथेच सुरू झाला. टेक्निशियमचे जनित्र अनेक शहरांतल्या अणुवैद्यक विभागांत असते. इंडोसायनिन ग्रीन जुना आणि पेटंटमुक्त रंग आहे. अवरक्त कॅमेरे मोठ्या रुग्णालयांत आले आहेत. उणीव आहे ती या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या कामाची. परदेशातून येणारे मान्यताप्राप्त द्रव्य एका मात्रेला जेवढे महाग पडते, तेवढा पैसा सार्वजनिक रुग्णालयातल्या रुग्णाकडे नसतो. म्हणून आपल्या संशोधनाने किमतीला सुरुवातीपासूनच रचनेचा भाग मानले पाहिजे.

या विषयात येणाऱ्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला माझी एक विनंती आहे. पहिला रेणू बनवण्याआधी जवळच्या कर्करोग रुग्णालयात परवानगी मागा आणि एक पूर्ण शस्त्रक्रिया उभे राहून बघा. कापलेला भाग पॅथॉलॉजीत जातो तिथपर्यंत त्याच्यासोबत जा, कडांना शाई कशी लावतात आणि कोणता तुकडा कुठून घेतात ते विचारा. सर्जन जिथे क्षणभर थांबला, ती जागा वहीत लिहून ठेवा आणि तुमच्या द्रव्याचा आराखडा त्या जागेपासून काढायला घ्या.